दुधाचा नियम सीताफळाला

एकतीस वर्षं मी दुधाचा वास घेण्याचा पगार घेतला. डेअरीच्या धक्क्यावर कॅन उतरला की झाकण उघडायचं, झाकणाची आतली बाजू नाकाशी धरायची आणि दोन श्वासांत ठरवायचं, हा कॅन पुढं जाईल की बाजूला. प्रयोगशाळा होती, काचेच्या नळ्या होत्या, माझ्याकडं बीएस्सीची पदवी होती. पण पहिला निकाल नाकाचा. अजूनही कुणाच्या घरी चहा समोर आला की मी नकळत आधी वास घेते. सुनेला वाटतं, मी तिच्या चहात खोट काढते. तसं नसतं. नाक तेवढं निवृत्त व्हायचं राहिलंय.

बाकी सगळं निवृत्त झालं होतं. गुडघे तर माझ्याही आधी. उस्मानपुऱ्यातल्या घरी गॅलरीत खुर्ची टाकून पेपर वाचायचा, एवढीच उमेद उरली होती. अशात एका भाद्रपदात दादाराव घरी आले. पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला त्यांची सीताफळाची मोठी बाग. घराणं जुनं, गावात शब्दाला मान, एक मुलगा वाळूजला कंपनीत. साठी ओलांडलेला माणूस, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले,

"मॅडम, मी तुमच्या डेअरीला दूध घालायचो. एकदा माझा कॅन परत केला व्हता तुम्ही."

मला काही आठवेना. असे कॅन मी किती परत केले त्याची गणती नाही.

"राग आला असेल," मी म्हटलं.

"लई आला व्हता. म्हणून तर तुमच्याकडंच आलो."

काम असं होतं. वीस-बावीस बागायतदारांनी मिळून एक गट केला होता. पडेगावात पत्र्याचं शेड भाड्यानं घेतलं होतं. तिथं सगळ्यांची सीताफळं गोळा करायची आणि टेम्पोनं पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडं पाठवायची. पहिल्या हंगामात व्यापारी खूश होता. दुसऱ्यात त्याचे फोन यायला लागले. क्रेटमधली काही फळं लोण्यासारखी पिकतात, काही काळी पडून दगड होतात. यंदाही तसंच झालं तर गाडी पाठवूच नका, असा त्याचा निरोप होता.

"फळ आणायला आम्हाला येतंय," दादाराव म्हणाले. "पण धा जणांचा माल एका जागी करून पाठवणं जमंना. तुम्ही गावोगावचं दूध एका टाकीत घालायच्या, तरी ते नासायचं नाय. ते कसं करायच्या तेवढं सांगा."

मी म्हटलं, "सीताफळातलं मला काही कळत नाही."

"सीताफळातलं आम्हाला कळतंय की."

या उत्तरावर मी हो म्हणून बसले.

दुधाचा धंदा बाहेरून वाटतो तेवढा गूढ नाही. दूध थांबत नाही, ही त्यातली पहिली आणि शेवटची अडचण. धार काढल्यापासून काही तासांत ते थंड झालं पाहिजे, नाहीतर आंबायला लागतं. आणि शंभर कॅन निर्मळ असले तरी एक नासका कॅन टाकीत पडला की सगळी टाकी गेली. म्हणून जे काही पकडायचं ते टाकीच्या आधी पकडायचं. प्रत्येक कॅनला नंबर असतो, प्रत्येक नंबरामागं एक माणूस असतो. कॅनमधलं थोडं दूध बाटलीत काढून वेगळं ठेवायचं, त्याला सॅम्पल म्हणतात. उद्या भांडण झालंच तर ते बाटलीशी होतं, माणसाशी नाही. आणि निकाल फळ्यावर, सगळ्यांच्या देखत. ज्याचं दूध नापास, त्याच्या नावापुढं 'परत' असं लिहायचं. एवढाच काय तो कारभार.

तरी माणसं फसवतातच. दूध पातळ आहे की घट्ट हे बघायला लॅक्टोमीटर असतो, दुधात तरंगणारी काचेची नळी. पाणी घातलं की दूध हलकं होतं आणि नळी खाली बुडते. आमच्याकडं एका गावच्या दूध संस्थेचा सचिव यायचा, गोड बोलणारा, कपाळाला अष्टगंध. त्याच्या दुधात नळी महिनोन् महिने अगदी जिथल्या तिथं उभी राहायची. इतकं नेमकं दूध म्हशी देत नाहीत, म्हणून मला शंका आली. तो काय करायचा, तर आधी मलई काढून घ्यायचा. मलई निघाली की दूध जड होतं. मग तेवढंच पाणी घालायचा, की परत हलकं. दोन्ही पापं एकमेकांना झाकायची. फॅट मोजल्यावर तो सापडला. मला म्हणाला, "मॅडम, आजकाल म्हशी पण हिशेबी झाल्यात." मी हसले आणि 'परत' लिहिलं. तेव्हा वय लहान होतं, अशा पकडीचा मला फार अभिमान वाटायचा.

त्याच अभिमानात मी कौसाबाईचं नुकसान केलं.

कौसाबाई खुलताबादच्या अलीकडच्या एका वस्तीवरची. मेंढरं राखणारं घर. मेंढरं विकून त्यांनी एक म्हैस घेतली होती आणि तिचं दूध गावच्या संस्थेत घालत होते. तो उन्हाळा वाईट होता. विहिरी तळाला गेलेल्या. तिच्या दुधाच्या सॅम्पलमध्ये सलग तीन दिवस नळी बुडाली. मी रजिस्टरात लिहिलं, पाणी. संस्थेनं तिचं नाव फळ्यावर लावलं आणि तिचं दूध बंद केलं.

चौथ्या दिवशी सकाळी डेअरीच्या फाटकाशी गलका झाला म्हणून बाहेर आले. एक बाई म्हशीचं दावं धरून उभी होती. रात्रीच निघून म्हैस पायी चालवत शहरात आणली होती. वॉचमन आत सोडत नव्हता. तिनं मला विचारलं,

"पाणी घातलं म्हून लिवणारी बाई तूच का?"

मी हो म्हटलं.

"मग तुझं भांडं आण. माझं नको. तुझ्या भांड्यात पिळते, तुझ्या देखत."

मी भांडं आणलं. तिथंच निंबाखाली ती धारेला बसली. म्हशीच्या फासळ्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या. दूध निघालं ते थोडंच. लॅक्टोमीटर सोडला. नळी बुडाली, बरोबर तिथंच, जिथं तीन दिवस बुडत होती.

जनावराला चारा नसला, ऊन झेपलं नाही, की दूध आपसूक पातळ होतं. हे मला ठाऊक होतं. परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. शंका आली तर गोठ्यात जाऊन आपल्या समोर धार काढून बघायची, असा नियमही होता. पण तीन नळ्या बुडाल्या आणि मला वाटलं, पुरावा झाला. गोठ्यापर्यंत जाण्याचे माझे कष्ट त्या बाईनं केले, तेही म्हशीला घेऊन.

मी रजिस्टर दुरुस्त केलं. संस्थेला पत्र लिहिलं. फळा पुसला गेला. पण गावात तिचं नाव 'पाणीवाली' पडलं ते पडलंच. पुढच्याच आठवड्यात तिनं म्हशीला बाजार दाखवला. मी तिच्या वस्तीवर गेले तेव्हा तिनं चहा दिला, वाकडा शब्द बोलली नाही. फक्त म्हणाली, "बाई, खडूनं लिवलेलं पुसतंय. तोंडानं बोललेलं नाय पुसत."

हे सगळं मी गटाच्या पहिल्या बैठकीत सांगितलं नाही. तिथं मी फक्त नियम सांगितले.

पहिला नियम ऐकूनच बागायतदार कुरकुरले. प्रत्येक क्रेटवर तोडणाऱ्याचं नाव. "नाव काहून?" एकानं विचारलं. "गाडीत बसलं की सगळा माल गटाचाच ना?" तेव्हा मी त्यांना आमच्या ह्यांची गोष्ट सांगितली. ह्यांची सगळी नोकरी सोयगावात गेली, कापसाच्या जिनिंगमध्ये माल पारखण्यात. शनिवारी घरी यायचे तेव्हा मिशीलाही कापूस असायचा. ते सांगायचे, पहिल्या वेचणीचा कापूस पांढराशुभ्र, लांब धाग्याचा. शेवटची फरदड आखूड, पिवळट. काही जण दोन्ही एकाच ढिगात मिसळतात. त्यांना वाटतं, चांगल्याच्या जोरावर वाईट खपेल. होतं उलटं. पारखणारा मूठभर फरदड बघतो आणि सगळा ढीग फरदडीच्या भावानं धरतो. "मिसळलेल्या मालात चांगल्याचं कौतुक होत नाही, वाईटाचं नाव तेवढं सगळ्यांना लागतं," असं ते म्हणायचे. कापसाच्या गाठीला नंबर असतो, दुधाच्या कॅनला असतो. सीताफळाच्या क्रेटला काहीच नव्हतं.

दुसरा नियम सॅम्पलचा. प्रत्येकाच्या मालातली तीन फळं काढून शेडच्या मागच्या खोलीत गवतावर, नावाची चिठ्ठी लावून ठेवायची. गाडी पुण्यात पोचून माल पिकेल, त्याच वेळी ही पण पिकतील. काय होतंय ते आपल्याला इथंच कळेल, आणि निकाल डेअरीसारखाच फळ्यावर.

दादारावांनी सगळ्यांना दटावलं. "मॅडम सांगतील तसं करायचं. बिलकुल वाद नको." त्यांच्या शब्दावर नियम मान्य झाले.

गटाच्या मालात बागायतदारांखेरीज डोंगरातला मालही असायचा. डोंगरउतारावर सीताफळाची झाडं आपोआप उगवलेली असतात. वस्तीवरच्या मेंढपाळ घरांतल्या सात-आठ बाया ती फळं तोडून टोपल्यांतून शेडवर आणायच्या. गाडी भरायला गट ती विकत घ्यायचा. त्यांची पुढारी गयाबाई. पन्नाशीची, काटक, बोलणं तुटक. सीताफळातलं जे काही मला आज कळतं ते तिनं शिकवलेलं. पहिल्या दिवशी तिनं एक फळ माझ्या तळहातावर ठेवलं.

"हे डोळे दिसत्यात का? दोन डोळ्यांच्या मधली रेघ बघा. हिरवी हाय तवर हात लावायचा नाय. पांढरी-पिवळी झाली की फळ भरलं. मंग तोडायचं. आधी तोडलं तर जलमात पिकत नाय. काळं पडतंय."

"आणि उशीर झाला तर?"

"मंग पाखरं खात्यात. त्यांचं बी पोट हाय."

पहिली गाडी गेली. टेम्पो अकबरभाईचा. चौथ्या दिवशी सकाळी मी मागच्या खोलीत गेले. बहुतेक फळं मऊ झाली होती, खोलीभर गोड वास होता. गयाबाईच्या चिठ्ठीपुढची तिन्ही फळं बोट लावताच उकलली. दोन-तीन चिठ्ठ्यांपुढं मात्र काळे, टणक गोळे पडले होते. पहिली चिठ्ठी वाचली. दादाराव.

मी दार ओढून घेतलं आणि बाहेर येऊन बसले. तासाभरात पुण्याहून फोन आला. माल काळा निघतोय, आता एकच संधी. दुपारपर्यंत सगळे बागायतदार शेडमध्ये जमले. अकबरभाईला आधी धरलं. तो हात जोडून म्हणाला, "मैं तो जैसा दिये वैसा लेके गया. हल्लू चलाया. खड्डा आया तो उतरके देखा." मग कुणीतरी म्हणालं, डोंगराचा माल. आणि सगळ्यांना ते लगेच पटलं. डोंगरातल्या झाडांना ना खत, ना पाणी, ना छाटणी. काळं पडणारं फळ त्यांचंच असणार. गयाबाई आणि तिच्या दोघीजणी टोपल्या घेऊन दाराशी उभ्या होत्या. ऐकत होत्या. गटाचे अध्यक्ष म्हणून दादारावांनी निकाल दिला.

"उद्यापासून डोंगरवाल्यांचा माल बंद."

मागची खोली माझ्या पाठीशी होती. दार उघडलं असतं तर तिथल्या तिथं संपलं असतं. पण तीन फळं म्हणजे तीन नळ्या. एकदा तेवढ्यावर विसंबून मी एका बाईचं घर बुडवलं होतं. मी म्हटलं, "उद्या सकाळपर्यंत कुणाचंच बंद करू नका. उद्या मी फळ्यावर लिहीन." दादारावांना ते आवडलं नाही, पण माझ्यासाठी शब्द त्यांनीच टाकला होता.

त्याच दुपारी रिक्षा करून मी त्यांच्या बागेत गेले. तोडणी चालू होती. मी मजुरांच्या क्रेटमधून एकेक फळ उचलून बघत गेले. रेघा हिरव्या. दुसरा क्रेट, तिसरा. निम्म्याहून जास्त फळं न भरलेली. दादाराव बांधावरून आले. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही, थकल्यासारखे झाडाखाली बसले.

"दसऱ्याच्या आधी जो माल जातो त्यालाच गिऱ्हाईक असतंय मॅडम. आठ दिवसांनी सगळ्यांचीच बाग येती, मग कोण विचारतंय?"

"पण हे फळ पिकत नाही, तुम्हाला ठाऊक आहे."

"चार पिकतात, चार जातात. मिसळून जातंय."

"ज्यात मिसळतं ते गयाबाईचं असतं."

 त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "लिहायचंच तर एक बागायतदार असं लिहा. नाव नका लिहू. मी माल थांबवतो, आजपासून. पण नाव नको."

"दुधाच्या फळ्यावर तुमचं नाव होतं."

"तवा मी अध्यक्ष नव्हतो."

मी कबूल केलं नाही आणि नाकारलंही नाही. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, मी उठले. आज वाटतं, तेव्हाच स्पष्ट सांगायला हवं होतं. त्यांना निदान रात्रभर मनाची तयारी करता आली असती. किंवा सकाळी स्वतःच उभं राहून सांगता आलं असतं. ती संधी मी त्यांना दिली नाही. भिडेपोटी गप्प राहिले, आणि माझी भीड त्यांना होकार वाटली.

सकाळी मागच्या खोलीतली सगळी फळं चिठ्ठ्यांसकट मी शेडच्या टेबलावर मांडली. सुरीनं एकेक कापलं. कापायला गेल्यावर दादारावांच्या फळात सुरी अडली. मी फळ्यावर नावं लिहीत गेले. गयाबाई, पास. आणखी सतरा-अठरा नावं, पास. मग ज्या तिघांची काळी निघाली होती त्यांची नावं. दादारावांच्या नावापुढं मी 'परत' लिहिलं.

 दादारावांनी फळा वाचला, माझ्याकडं बघितलं नाही, टोपी सारखी केली आणि निघून गेले. त्यांच्या मागून दोघं गेले, मग आणखी चौघं. ते चौघं पास झालेले होते. त्यांचं दादारावांशी नातं होतं, एवढंच.

मला वाटलं होतं, गयाबाईला आनंद होईल. ती टोपली उचलत म्हणाली, "बाई, तुम्ही खरं लिवलं. पण आमची डोंगराची वाट त्याच्या बांधावरून हाय."

मला त्याचा अर्थ त्या दिवशी नीट कळला नाही. आठवड्यानं अकबरभाईनं सांगितला. दादारावांनी बांधाच्या वाटेवर बोरीची काटी टाकून ती बंद केली होती. बाया आता नाल्याला वळसा घालून यायच्या, डोक्यावर टोपल्या घेऊन, दीड तास जास्तीचा. गयाबाईनं मला कधी सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "पायाला सवय हाय."

गट टिकला, पण त्याचा तिसरा हिस्सा गळाला. पुण्याचा व्यापारी माल घेत राहिला, तक्रारी थांबल्या. लोक मला म्हणायचे, मॅडम, तुमचा दुधाचा नियम चालला. चालला खरा. पण त्या हंगामाच्या शेवटी शेडमध्ये एकटी क्रेट मोजत बसले असताना एक गोष्ट लक्षात आली, जी मला आधी कळायला हवी होती. दुधाचा नियम दुधाला शोभतो, कारण दूध दिवसातून दोनदा येतं. सकाळी कॅन परत गेला, माणूस चिडला, शिव्या देत घरी गेला; संध्याकाळी तोच माणूस दुसरा कॅन घेऊन रांगेत उभा. पास झाला की राग गेला. बारा तासांत त्याला आपलं नाव परत मिळवता येतं. फळवाल्याचा हंगाम वर्षातून एकदा. त्याचं 'परत' फळ्यावरून पुसलं तरी बारा महिने त्याच्याबरोबर राहतं. तो ते घरी नेतो, जेवताना समोर बसवतो. दुधाकडून फळवाल्यांनी नावं लावणं शिकावं, सॅम्पल ठेवणं शिकावं, कापसाकडून वेगवेगळ्या वेचणीचा माल वेगळा ठेवणं शिकावं, हे मी अजूनही कुणालाही सांगेन. पण रांगेतली संध्याकाळ फळाला कुठून आणायची, ते मला सापडलेलं नाही.

पुढच्या वर्षी दादाराव आले नाहीत. ऐकलं की माल रस्त्यावरच्या फिरत्या व्यापाऱ्यांना उभ्या बागेत देऊन टाकला. मी एकदा निरोप पाठवला, भेटायला येते. उत्तर आलं नाही. माझ्या गुडघ्यांनीही फार आग्रह केला नाही.

त्याच्या पुढच्या हंगामात, दसरा होऊन गेल्यावर, शेडसमोर एक माल-रिक्षा उभी राहिली. तिशीची एक बाई उतरली, क्रेट उतरवायला लागली. गयाबाईनं तिला ओळखलं आणि हातातलं काम थांबवलं. ती दादारावांची सून, मनीषा. नवरा कंपनीत, सासऱ्यांचं गुडघ्याचं दुखणं वाढलेलं. बाग आता ती बघत होती.

ती रांगेत उभी राहिली. तिच्या पुढं गयाबाई होती.  मनीषाची पाळी आली तेव्हा मी मार्कर उघडला.

"नाव काय लिहू? दादारावांचं?"

"नाय. मनीषा लिहा." मग जरा थांबून म्हणाली, "मामांना विचारलं व्हतं मी. ते म्हणले, फळ तू तोडलं, नाव तुझंच लाव."

"तब्येत कशी आहे त्यांची?"

"बसून असतेत. तुमचा विषय निघाला की उठून आत जातेत." तिनं हे न लपवता सांगितलं. 

मी तपासायला वाकले. चष्मा पुसून पहिलं फळ उचलणार, तोच तिनं स्वतःच क्रेटमधून दोन फळं काढून बाजूला ठेवली. "ही दोन राहू द्या. रेघ हिरवी हाय. गडबडीत तोडली गेली." गयाबाई मागं वळली होती. तिनं ती दोन्ही फळं उचलली, फिरवून बघितली आणि म्हणाली,

"बराबर हाय."

मग मनीषा तिला हळूच म्हणाली, "मावशी, बांधावरची काटी काढली म्या सकाळी. मामा वट्यावरच बसलेले. बघितलं त्यांनी."

"काय म्हणले?"

"काय नाय म्हणले."

गयाबाईनं मान हलवली. टोपलीवरचं फडकं घडी करून कमरेला खोचलं आणि बाकीच्या बायांना हाक मारून त्या सगळ्या निघाल्या. बांधाच्या बाजूनं गेल्या का नाल्याच्या, हे मला शेडमधून दिसलं नाही.

तो माझा शेवटचा हंगाम. डॉक्टर म्हणाले जिने चढू नका, मुलगा म्हणाला रिक्षात बसू नका. मला दोन्ही पटलं, कारण मी खरंच दमले होते. दादारावांना भेटायला मी गेले नाही. जायला हवं होतं, हे दर आठवड्याला एकदा तरी वाटतं, आणि मग तो आठवडा जातो.

शेड अजून चालू आहे. फळ्यावर आता मनीषा लिहिते, बागायतदारांनी तिलाच ते काम दिलं. परवा अकबरभाई दिवाळीचा फराळ घेऊन आला होता, तिचीही एक पिशवी त्यानं आणली. बसल्या बसल्या सांगत होता की यंदा पावसानं घोळ केला, फळ भरायला उशीर झाला, सगळ्यांचाच थोडा थोडा माल काळा निघाला.

"आप जैसाच लिखती वो भी, मॅडम," तो म्हणाला. "यंदा दो बार अपने नाम के आगे 'परत' लिख दी. कोई कुछ बोला नै. शाम को बायांके साथ बैठके चाय पी, और घर गई."